‘मार्केट छोटं आहे’ म्हणजे ते नेमकं काय म्हणाले?

वाचकाचं पत्र:

‘मी निफाड तालुक्यातला, वय ३१, इलेक्ट्रॉनिक्समधला इंजिनिअर. दोन मित्रांबरोबर द्राक्षबागेसाठी एक यंत्र तयार केलं आहे. ते पानांवरचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजतं आणि केवडा किंवा भुरी हे बुरशीचे रोग येण्याचा धोका दिसला की बागायतदाराला फोनवर आधीच कळवतं. यंत्राचे १८ हजार रुपये, दुसऱ्या वर्षापासून वर्गणी ६ हजार. आजवर २१४ जणांनी विकत घेतलं. पुण्या-मुंबईतल्या चार व्हेंचर कॅपिटल फंडांशी संपर्क केला. एक म्हणाले, “टीम चांगली आहे, पण मार्केट छोटं आहे.” दुसरे म्हणाले, “अजून थोडं लवकर आहे, संपर्कात राहा.” उरलेल्या दोघांनी उत्तरच दिलं नाही. माझा एक मित्र म्हणतो, सादरीकरणात सगळीकडे एआय घाल, सध्या पैसा तिकडेच जातोय. हे लोक नेमकं काय बघतात? पुढच्या दहा वर्षांत काय चालणार हे त्यांना कसं कळतं? आमचं काम खरंच लहान आहे का? वडील म्हणतात, रस्त्याकडचं एक एकर विकू आणि तुमचं वाढवा. विकू का? कृपया नाव छापू नका.’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे. पण त्याचं उत्तर आधीच्या प्रश्नांमध्ये आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येते.

‘मार्केट छोटं आहे’ हे वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतंय. निफाड, दिंडोरी, चांदवड, तिकडे तासगाव आणि पंढरपूर, एवढा द्राक्षाचा पसारा डोळ्यांसमोर असताना कुणी ‘छोटं’ म्हटलं की राग येणारच. पण त्या माणसाने तुमच्या धंद्याला छोटं म्हटलेलं नाही. त्याच्या फंडाच्या हिशेबात तो धंदा मावत नाही, एवढंच तो म्हणाला. तो हिशेब एकदा समोर मांडते.

समजा फंड ८०० कोटींचा आहे. हे पैसे समोर बसलेल्या माणसाचे नसतात. विमा कंपन्या, मोठी उद्योग घराणी, सिडबीसारख्या सरकारी वित्तसंस्था, परदेशातले पेन्शन फंड यांच्याकडून ते गोळा केलेले असतात. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची. पहिल्या तीन-चार वर्षांत नव्या कंपन्यांत पैसे घालायचे, पुढच्या वर्षांत त्यांतल्या चांगल्यांना आणखी द्यायचे आणि मुदत संपायच्या आत हिस्सा विकून सगळ्यांचे पैसे परत करायचे. आता ज्याने पैसे दिले त्याला मुदत ठेवीत सात टक्क्यांनी दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट मिळाले असते. एवढी जोखीम घेतल्यावर त्याला किमान तिप्पट हवेत. म्हणजे ८०० कोटींचे २,४०० कोटी व्हायला हवेत, आणि तेही पंचवीस-तीस कंपन्यांमधून, ज्यांतल्या बऱ्याच बुडणार हे सगळ्यांनाच माहीत असतं.

किती बुडतात? अमेरिकेतल्या कोरिलेशन व्हेंचर्स या फंडाने २००४ ते २०१३ या दहा वर्षांतल्या २१ हजारांहून जास्त गुंतवणुकींचा हिशेब केला होता. त्यातल्या जवळजवळ ६५ टक्के गुंतवणुकींनी घातलेलं भांडवलसुद्धा परत दिलं नाही. दहापट किंवा त्याहून जास्त देणाऱ्या सुमारे ४ टक्के निघाल्या. सगळा फंड तरतो तो या मूठभरांवर. ही रीत धंद्याच्या सुरुवातीपासूनची आहे. १९५७ साली बोस्टनच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या फंडाने संगणक बनवू पाहणाऱ्या दोन इंजिनिअरांच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत ७० हजार डॉलर घातले. त्या एका गुंतवणुकीचे पुढे कित्येक कोटी डॉलर झाले आणि फंडाच्या बाकी सगळ्या कामगिरीपेक्षा ती मोठी ठरली.

म्हणून फंडवाला प्रत्येक कंपनीकडे बघताना एकच गोष्ट विचारतो: हे चाललंच, तर ही एकटी कंपनी माझा सगळा फंड परत करेल का? आज त्याने तुमचा २० टक्के हिस्सा घेतला, तरी पुढे आणखी पैसे उभारताना नवे शेअर निघून तो १५ टक्क्यांवर येतो. १५ टक्क्यांतून ८०० कोटी मिळायचे तर तुमची कंपनी ५,३०० कोटींची व्हायला हवी. आता तुमचा आकडा बघू. समजा एक लाख बागायतदार तुमची वर्गणी भरतायत. वर्षाला ६० कोटी. बाजाराने त्याची दहापट किंमत केली तरी ६०० कोटी. फंडाच्या वाट्याला ९० कोटी. तुमच्या दृष्टीने हे केवढं मोठं यश! नाशिक जिल्ह्यात शंभरेक चांगल्या नोकऱ्या, तीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या स्थिर, लाखभर बागा सुरक्षित. आणि तरी त्या फंडाच्या हिशेबात ते पुरत नाही. तेव्हा ‘आमचं काम लहान आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. त्या विशिष्ट पैशाच्या मापात ते आज बसत नाही, एवढाच त्या नकाराचा अर्थ.

‘आज’ म्हणाले, कारण बाजार किती मोठा हे ठरवताना फंडवाले वारंवार चुकतात आणि बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने चुकतात. २००८ साली, लोकांच्या घरातली जागा पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या तिघा संस्थापकांनी १५ लाख डॉलरच्या मूल्यांकनावर दीड लाख डॉलर उभे करायचा प्रयत्न केला. सात गुंतवणूकदारांशी त्यांची ओळख करून देण्यात आली. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तर दिलं नाही. संस्थापक ब्रायन चेस्कीने ती नकाराची पत्रं २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतही बाजार पुरेसा मोठा नाही ही तक्रार आहेच. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर व्हेंचर्सच्या फ्रेड विल्सन यांनीही एअरबीएनबीला नकार दिला आणि पुढे स्वतःच त्याबद्दल लिहिलं. त्यांना दिसत होत्या लोकांच्या बैठकीच्या खोलीत टाकलेल्या हवेच्या गाद्या. हॉटेलच्या खोलीला कुणी हा पर्याय मानेल असं त्यांना वाटलं नाही. आज ही माणसं काय करतायत यावर नजर अडकली आणि ती पुढे काय करू शकतील हे सुटलं, असं त्यांच्या कबुलीचं सार आहे.

तुमच्या पत्रात मला नेमकी हीच जागा दिसते, म्हणून इथे थोडी थांबते.

तुम्ही सध्या ‘रोगाचा अंदाज’ विकता आणि तो विकत घेतो बागायतदार. पण तुमच्या यंत्रामुळे आणखी एक गोष्ट आपोआप तयार होते. कोणत्या प्लॉटवर, कोणत्या दिवशी, कोणत्या धोक्यासाठी फवारणी झाली याची नोंद. निर्यातीच्या द्राक्षात या नोंदीची किंमत काय आहे हे तुमच्या तालुक्यात मी सांगायची गरज नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला, कंटेनर अडकले आणि कित्येक घरांचं वर्ष गेलं. त्याच्या आधीपासून, २००६ पासून, शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था आहे. प्लॉटची नोंदणी, काढणीआधी रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी, पेटीपासून बागेपर्यंत माग. पण तपासणी होते ती शेवटी, माल तयार झाल्यावर. निर्यातदाराला खरं तर हे डिसेंबरातच कळायला हवं असतं की अमुक प्लॉटवर अमुक औषध काढणीच्या इतकं जवळ पडलंय, हा माल युरोपला चालणार नाही, दुसरीकडे वळवा.

आता बघा, ६ हजार भरणारा बागायतदार एक गिऱ्हाईक झाला. शेकडो प्लॉटवरून माल घेणारा निर्यातदार हे दुसरं, आणि त्याची देण्याची ताकद वेगळी. पीक कर्ज देणारी बँक, विमा कंपनी, औषध कंपनी यांनाही बागेत खरोखर काय घडलं हे कळून हवं असतं. शिवाय यंत्र तेच ठेवून डाळिंब, टोमॅटो, मिरची यांच्याकडे जाता येतं, फक्त रोगाचं गणित बदलावं लागेल. फंडवाल्याला ‘मार्केट’ म्हणून हवी असते ती ही साखळी: आज कोण पैसे देतो, उद्या त्याच नोंदीसाठी आणखी कोण देईल. ‘महाराष्ट्रात इतके हेक्टर द्राक्ष’ हा आकडा त्याला स्वतःलाही शोधता येतो.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. फवारणीची नोंद ही बागायतदाराची आहे. ती त्याला न विचारता व्यापाऱ्याच्या हातात गेली आणि त्यावरून भाव पाडला गेला, तर तुमचं नाव तालुक्यात एका हंगामात संपेल, आणि ते बरोबरच असेल. परवानगी लेखी घ्या, फायद्यात त्याला वाटा द्या. आणि हे सगळं फंडाला आवडेल म्हणून करू नका. या हंगामात तीन निर्यातदारांना भेटा. एकाने जरी आगाऊ पैसे देऊन वीस-पंचवीस प्लॉट लावून बघितले, तर ही साखळी खरी. तिघांनीही चहा पाजून परत पाठवलं तर ती कल्पना तूर्त सोडून द्या.

आता ते काय बघतात याकडे येऊ. स्टॅनफर्ड, हार्वर्ड आणि आणखी काही विद्यापीठांतल्या चार अभ्यासकांनी ८८५ गुंतवणूकदारांना विचारून एक मोठं सर्वेक्षण केलं आहे. सगळ्यात महत्त्वाचा घटक कोणता, याला सुमारे ४७ टक्के लोकांनी ‘संस्थापक टीम’ असं उत्तर दिलं. धंद्याचं स्वरूप, उत्पादन, बाजार हे सगळं त्यामागून. एका गुंतवणुकीसाठी हे लोक साधारण शंभर प्रस्ताव बघतात. त्यातल्या अठ्ठावीसेक जणांना प्रत्यक्ष भेटतात, दहाएक प्रस्ताव भागीदारांच्या बैठकीपर्यंत जातात. पूर्ण व्यवहाराला सरासरी ८३ दिवस लागतात आणि त्या काळात दहाएक लोकांना फोन करून तुमची चौकशी होते.

त्या फोनबद्दल बोलते, कारण सादरीकरणाची चित्रं रंगवण्यात सगळ्यांचा जीव जातो आणि निर्णय बऱ्याचदा या फोनवर फिरतो. तुम्ही दिलेल्या यादीतल्या लोकांना तर फोन जातोच. पण चांगला गुंतवणूकदार यादीबाहेरचा माणूस शोधतो: तुमच्या जुन्या नोकरीतला साहेब, कृषी सेवा केंद्राचा मालक आणि मुख्य म्हणजे ज्याने यंत्र घेतलं होतं पण आता वापरत नाही असा बागायतदार. तो काय सांगेल हे तुम्हाला आत्ता माहीत आहे का?

पत्रात तुम्ही २१४ हा आकडा लिहिलात. मला दुसरा आकडा हवा होता: दुसऱ्या वर्षी ६ हजार किती जणांनी भरले? पहिल्या वर्षीचे १८ हजार ओळखीने येतात, कुतूहलाने येतात, ‘आपल्या गावच्या पोराचं आहे’ म्हणूनही येतात. दुसऱ्या वर्षीचे पैसे माणूस उपयोग झाल्याशिवाय देत नाही. त्यातही वर्ष वेगळं काढा. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला त्या वर्षी किती जणांनी चालू ठेवलं आणि कोरड्या वर्षी किती जणांनी? कोरड्या वर्षी निम्मे गळत असतील तर वर्गणी वर्षाची ठेवावी की हंगामाची, का यंत्र भाड्याने द्यावं, हा प्रश्न आहे, आणि तो सोडवल्याशिवाय कुणाचाही पैसा घेऊ नका.

मग एक बाग घ्या, एकच, आणि तिचा हिशेब पूर्ण मांडा. यंत्र लावायच्या आधीच्या हंगामात किती फवारण्या झाल्या, नंतर किती, औषध, मजुरी आणि ट्रॅक्टरचं डिझेल धरून किती वाचले, पोंग्यापासून (कोवळी फूट निघण्यापासून) मणी धरेपर्यंतच्या नाजूक दिवसांत इशारा किती वेळा खरा ठरला, किती वेळा खोटा. खोटे इशारेही लिहा. असा एका बागेचा प्रामाणिक कागद दहा पानी आलेखांपेक्षा मोलाचा आहे. समोरच्याला त्यातून हेही कळतं की या मुलांना आपल्या यंत्राच्या मर्यादा माहीत आहेत.

‘थोडं लवकर आहे’ या उत्तराचे दोन अर्थ होतात. एक साधा: तुमचे आकडे अजून कमी आहेत. दुसरा: भोवतालची परिस्थिती अजून तयार झालेली नाही असं त्यांना वाटतं. हा अर्थ तुमच्या ‘पुढचं कसं कळतं’ या प्रश्नाशी जोडलेला आहे.

त्यांना पुढचं कळत नाही. हे मी अशा बैठकांत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर सांगते आहे. त्यातले चांगले लोक नुकतं काय बदललंय हे इतरांपेक्षा आधी बघतात. कोणती वस्तू एकदम स्वस्त झाली, कोणती सवय लोकांना लागली, कोणत्या नियमाने काहीतरी भाग पाडलं. सिक्वोया या फंडाचा लाडका प्रश्न आहे, ‘आत्ताच का?’ हेच पाच वर्षांपूर्वी का झालं नाही, आणि पाच वर्षं थांबलं तर काय जाईल? त्यांनी २००५ मध्ये यूट्यूबमध्ये पैसे घातले तेव्हा इंटरनेटवर व्हिडिओ ही कल्पना काही नवी नव्हती. नवीन काय होतं, तर स्वस्त डिजिटल कॅमेरे, घरात आलेलं ब्रॉडबँड आणि वेगळं काही न बसवता ब्राउझरमध्येच व्हिडिओ चालण्याची सोय. वर्षभरातच, २००६ मध्ये, गूगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरला घेतली.

आपल्याकडचं याहून बोलकं उदाहरण आहे. १९९९ साली बंगळूरमध्ये काही जणांनी फॅबमार्ट नावाने इंटरनेटवर विक्री सुरू केली. कल्पना उत्तम, माणसं उत्तम. पण देशात इंटरनेट वापरणारे मूठभर, कार्डाने पैसे भरणारे त्याहून कमी. शेवटी त्यांना साधी किराणा दुकानं उघडावी लागली आणि पुढे ती विकावी लागली. त्यांच्यातल्याच काही जणांनी २०११ मध्ये पुन्हा तेच काम हाती घेतलं. ते बिगबास्केट. २०२१ मध्ये टाटांनी त्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. माणसं बरीचशी तीच, किराणा तोच, बारा वर्षांत भोवतालची परिस्थिती बदलली होती. पुढे २०१६ मध्ये जिओ आणि यूपीआय पाठोपाठ आले आणि परिस्थिती आणखी बदलली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला हजार कोटींच्या वर गेले. ज्याने २०१६ मध्येच ओळखलं की छोट्या रकमा फोनवरून घेण्याचा खर्च आता शून्याकडे चाललाय, त्याने पुढची दहा वर्षं ओळखली असं लोक म्हणतात. त्याने खरं तर समोरचं वर्तमान नीट वाचलं होतं.

तुमचं ‘आत्ताच का’ फार भक्कम आहे आणि पत्रात तुम्ही त्याचा एक शब्दही लिहिला नाहीत. दहा वर्षांपूर्वी असं यंत्र लावायचं तर सेन्सर महाग, सिमचा डेटा महाग, आणि बागायतदाराच्या हातात स्मार्टफोन असेलच असं नाही. आज तिन्ही अडचणी गेल्या. अवकाळीमुळे जुन्या अनुभवावर काढलेलं फवारणीचं वेळापत्रक चालेनासं झालं. निर्यातीतली रेसिड्यूची बंधनं आहेतच. सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर हे चार मुद्दे मांडा, तुमच्या स्वतःच्या यंत्राच्या खर्चाचे पहिल्या वर्षीचे आणि आजचे आकडे देऊन.

अर्थात सगळे गुंतवणूकदार असं वाचन करत नाहीत. बरेच जण एकमेकांकडे बघून पळतात. २०२१ मध्ये पैसा ऑनलाइन शिकवण्यांच्या मागे लागला होता, शाळा उघडल्यावर ती लाट ओसरली. आता एआयची लाट आहे, आणि तुमचा मित्र तिच्याबद्दल बोलतोय. त्याचं ऐकू नका. २०१७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या एका बाटलीबंद आइस्ड टी विकणाऱ्या कंपनीने नाव बदलून ‘लाँग ब्लॉकचेन’ केलं. ब्लॉकचेन हा तेव्हाचा चलतीचा शब्द. शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला आणि पुढच्याच वर्षी नॅसडॅक या शेअरबाजाराने त्या कंपनीला यादीतून काढलं. शेअरबाजारात असा शब्द एखादा दिवस चालतो. फंडाच्या तपासणीत तेवढाही चालत नाही, कारण ते एखाद्या जाणकाराला बसवतात आणि तो तासाभरात विचारतो: मॉडेल कशावर शिकवलं, माहिती कुणाची, चूक किती? तुमचा इशारा ‘इतके तास पान ओलं आणि इतकं तापमान’ या नियमावर चालत असेल, तर तसंच सांगा. केवड्याचा अंदाज असाच बांधतात, त्यात कमीपणा नाही.

पण मित्राच्या म्हणण्यातलं एक टोक धरून ठेवा. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर केलेल्या ऊसाच्या प्रयोगानंतर शेतीतल्या एआयकडे बघायची नजर बदलली आहे. तिथे कुणाच्याही हातात मॉडेल येईल. पण वेलीच्या आतल्या पानांवरचा दर तासाचा ओलावा आणि त्याच प्लॉटवर पुढे खरोखर रोग आला की नाही, ही जोडी दोनशे बागांमधून गोळा झालेली किती जणांकडे असेल? ती तुमच्याकडे तयार होते आहे. रोग आला-नाही आला ही नोंद आजपासून शिस्तीने घ्या, फोटोसकट. दोन हंगामांनी एआय हा शब्द तुम्ही वापरलात तर त्याच्यामागे काहीतरी असेल.

उत्तर न देणाऱ्या दोघांचं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी आधीच दोन गोष्टी विचारा: तुमच्या फंडाचं हे कितवं वर्ष, आणि पहिल्या गुंतवणुकीची तुमची रक्कम साधारण किती? सहाव्या वर्षातल्या फंडाकडे नव्या कंपनीसाठी पैसे उरलेले नसतात, तरी त्यांची माणसं भेटत राहतात. किमान २० कोटी देणाऱ्याला तुम्ही आज मागताय ती रक्कम देता येत नाही. यात तुमचे आठवडे वाया जातात, आणि छाटणीच्या तोंडावर ते तुम्हाला परवडणारे नाहीत.

आणि कुणी होकार दिलाच, तर मूल्यांकनाचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, टर्म शीटमधलं, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदातलं, ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ (कंपनी विकली तर आधी पैसे कुणाला) हे कलम वकिलाकडून समजून घ्या. समजा तुम्ही २० टक्क्यांना ५ कोटी घेतले आणि पुढे कंपनी १० कोटींनाच विकावी लागली. तुम्हाला वाटेल त्यांचे २ कोटी, आपले ८. साध्या प्रेफरन्समध्ये ते आधी आपले ५ कोटी उचलतात, तुम्हाला ५ उरतात. ‘पार्टिसिपेटिंग’ असा शब्द जोडलेला असेल तर ते ५ कोटी उचलून उरलेल्यातूनही २० टक्के घेतात. त्यांना ६, तुम्हा तिघांना मिळून ४. पहिला प्रकार सर्रास असतो आणि मान्य करायला हरकत नाही. दुसऱ्याला नाही म्हणा.

आता तुमच्यासारख्या कामाला कोणता पैसा योग्य? माझं स्पष्ट मत आहे की पुढची दोन वर्षं फंडाचा नाही. वर्षाला तिप्पट वाढा असा तगादा लागला की तुम्ही नीट बसवलेल्या यंत्रांऐवजी कशीही खपवलेली यंत्रं मोजायला लागाल, आणि शेतीत एक खराब हंगाम नाव घालवायला पुरतो. झिरोधाने फंडांचा पैसा न घेता देशातली आघाडीची शेअर दलाली कंपनी उभी केली. तुमच्याच जिल्ह्यातल्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने २०२२ मध्ये युरोपातल्या, शेती आणि विकासासाठी पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी उभे केले, पण त्याआधी दहाएक वर्षं काम करून आणि शेतकऱ्यांची मालकी राखून. तुम्ही दोन दारं आधी ठोठवा. एक, केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना. ती २०२१ मध्ये चार वर्षांसाठी सुरू झाली, तेव्हा नवे अर्ज अजून घेतात का ते आधी बघा. तिच्यात मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात न्यायला ५० लाखांपर्यंत कर्जरूपाने किंवा पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या रोख्यांवर पैसे देण्याची तरतूद होती. अर्जाच्या वेळी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नसत, तेव्हा नोंदणीची तारीखही आजच बघा. दुसरं, राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला कृषी स्टार्टअपसाठीचा भाग. त्यात बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे.

आणि जमीन. विकू नका. संस्थापकाने घरची जमीन विकली म्हणून कोणताही फंड तुमचं मूल्य एक रुपयाने वाढवत नाही. त्यातून तुमचं यंत्र म्हणजे वस्तू आहे. हंगामाआधी पाचशे बनवून ठेवलीत आणि दोनशेच गेली, तर रस्त्याकडचं एक एकर तीनशे खोक्यांच्या रूपात गोदामात पडून राहील, आणि ते परत विकत घेता येणार नाही. त्याऐवजी ऑक्टोबर छाटणीच्या आधी आगाऊ नोंदणी घ्या, यंत्रामागे पाच-सहा हजार, आणि नोंदणी जेवढी तेवढीच यंत्रं बनवा. पाचशे लोक आगाऊ पैसे द्यायला तयार झाले तर बनवण्याचं भांडवल बऱ्यापैकी तिथूनच येईल. नाही झाले तर तेही जमीन हातात असतानाच कळेल.

वडिलांना मदत करायचीच असेल तर त्यांच्याकडून दुसरं काम घ्या. ज्यांनी यंत्र घेतलं आणि दुसऱ्या वर्षी पैसे भरले नाहीत त्यांची यादी करा आणि वडिलांना एकट्यालाच त्यांच्याकडे पाठवा. तुम्ही समोर बसलात तर ते ‘बघू पुढच्या हंगामाला’ म्हणतील. वडिलांच्या वयाच्या, स्वतः बाग करणाऱ्या माणसाला ते खरं कारण सांगतील. यादीतली सगळी कारणं एका वहीत आली की मला पुन्हा लिहा.

तुमची,
सदर लेखिका